विश्लेषण : कोंबडीचा दाह मोजायला माणसाची मोजपट्टी का चालत नाही?

कोंबडी आजारी पडते तेव्हा तिच्या शरीरात नेमके काय पेटते, हे मोजण्याची साधने जगभरात अजूनही तोकडी आहेत. माणूस आणि उंदीर यांच्यासाठी अशी साधने हजारोंनी मिळतात, कोंबडीसाठी मोजकीच. ही उणीव भरून काढणारी प्रतिपिंडे कशी तयार होतात, त्यांचा मुकुटबनच्या खुराड्याशी काय संबंध आणि महाराष्ट्राने याबाबत काय करायला हवे, याचा हा ऊहापोह.

मुकुटबनचा या विषयाशी संबंध काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत झरी जामणी तालुका आहे. त्यातले मुकुटबन बाहेरच्यांना ठाऊक आहे ते कोळसा, चुनखडी आणि सिमेंटमुळे. पण खाणी आणि कारखान्याच्या भोंग्यापलीकडे हा मुलूख कापूस-तुरीचा आणि कोलाम पोडांचा आहे. इथल्या अंगणात दोन-चार कोंबड्या आणि त्यांच्यामागे पळणारी पिले नसतील, असे घर शोधावे लागते. ही कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची गंगाजळी. पोराची फी, दवाखान्याचे भाडे, पाहुण्याचे जेवण, देवाचा नवस, सगळे तिच्यावर भागते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुतेक वेळा तो आधीच कुणाचा तरी असतो. कोंबडीचा पैसा मात्र बाईच्या हातात पडतो.

आणि मग कधी तरी मानमोडी येते. पक्षी सुस्त होतो, चोच उघडून श्वास घेतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो, काहींची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते. चार-पाच दिवसांत डालं रिकामे. पुस्तकात या रोगाचे नाव राणीखेत आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस आजच्या उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावात त्याची नोंद झाली म्हणून हे नाव पडले. इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्येही तो त्याच सुमारास आढळला होता. मानमोडी हे आपले नाव अधिक नेमके आहे, कारण ते लक्षण सांगते. पण हे लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. विषाणू शिरल्यापासून मान मोडेपर्यंतच्या दिवसांत कोंबडीच्या शरीरात जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणूनच हा सगळा खटाटोप.

हा प्रश्न फक्त अंगणापुरता नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते आणि महाराष्ट्रात सात कोटींहून अधिक. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की आधीच्या गणनेच्या तुलनेत एकूण पक्ष्यांची वाढ सुमारे १७ टक्के असताना परसातल्या पक्ष्यांची वाढ ४५ टक्क्यांच्या पुढे होती. म्हणजे मोठमोठ्या शेडांच्या काळातही अंगणातली कोंबडी मागे पडलेली नाही.

दाह म्हणजे नेमके काय?

काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक सेल्ससने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवली. जखम झाली किंवा जंतू शिरला, की त्या जागच्या पेशी धोक्याची हाक देतात, रक्तातल्या लढाऊ पेशी तिकडे धावतात, रक्तवाहिन्या सैल होतात. ही हाक म्हणजे काही लहान प्रथिने. त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन, इंटरफेरॉन, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यातली ठळक नावे. करोनाच्या साथीत ‘सायटोकाइनचे वादळ’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता, तो यावरूनच.

दाह हा शत्रू नव्हे. तो नसता तर किरकोळ जखमेनेही जीव गेला असता. प्रश्न असतो तो प्रमाणाचा आणि वेळेचा. तो कमी पडला तर जंतू जिंकतो आणि अती झाला तर शरीर स्वतःचेच नुकसान करून घेते. बर्ड फ्लूच्या जहाल विषाणूने कोंबड्या पटापट मरतात, त्यात विषाणूच्या थेट माऱ्याबरोबर या बेबंद दाहाचाही वाटा असतो.

तिसरा प्रकार धुमसणाऱ्या दाहाचा. पक्षी मरत नाही, फारसा आजारीही दिसत नाही, पण आतडे सतत चिडलेले असते. अशा वेळी खाल्लेले दाणे मांस किंवा अंडी होण्याऐवजी लढाईवर खर्च होतात. भूक मंदावते, स्नायूंमधले प्रथिन यकृताकडे वळवले जाते, वजन भरत नाही. करार पद्धतीने ब्रॉयलर वाढवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. सहा आठवड्यांच्या आत पक्षी विकायचा असतो आणि किती खाद्यात किती वजन आले यावर मोबदला ठरतो. आठवडाभर धुमसलेले आतडे म्हणजे त्या बॅचचा नफा गेलाच. मेलेली कोंबडी मोजता येते, न भरलेले वजन कुणाच्या खात्यावर लिहायचे?

कोंबडीचा दाह माणसापेक्षा वेगळा कसा?

शवविच्छेदन पाहिलेल्या पोल्ट्रीवाल्याला ही गोष्ट माहीत असते, कारण मात्र सहसा सांगितले जात नाही. माणसाच्या गळवातून पातळ पू येतो. कोंबडीच्या हवेच्या पिशव्यांत किंवा काळजाभोवती मात्र पिवळट, पनीरसारखा घट्ट गोळा सापडतो. माणसात जंतूवर पहिली झडप घालणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. कोंबडीत त्या नसतात, त्यांचे काम हेटरोफिल नावाच्या पेशी करतात. पू पातळ करण्यात हात असलेली काही रसायने हेटरोफिलमध्ये नसतात, म्हणून कोंबडीचा पू वाहत नाही, गोठतो. आणि म्हणूनच एकदा तो गोळा तयार झाला, की कितीही औषध पाण्यातून पाजा, आतपर्यंत ते धड पोहोचत नाही.

कोंबडीला माणसासारख्या लसिकाग्रंथी नसतात. उलट माणसाला नसलेला एक अवयव तिला असतो. शेपटीजवळ, विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला एक लहान पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला फॅब्रिशियसची बर्सा म्हणतात. ती कशासाठी असते, हे साडेतीनशे वर्षे कुणाला माहीत नव्हते. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या सांभाळत होता. टिमोथी चँग या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायला काही पक्षी हवे होते, त्याने यातलेच नेले. साल्मोनेलाचे इंजेक्शन दिल्यावर प्रतिपिंडे तयार होतात, हे विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. ती तयारच झाली नाहीत! प्रात्यक्षिक फसले आणि मोठा शोध लागला. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी बर्सात घडतात, हे सांगणारा निबंध एका नामवंत नियतकालिकाने परत पाठवला. शेवटी १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. आज माणसाच्या रक्तातल्या ज्या पेशींना डॉक्टर ‘बी सेल’ म्हणतात, त्यातला बी या बर्साचा आहे.

इंटरफेरॉनही १९५७ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर प्रयोग करतानाच सापडले. पाश्चरने कमजोर केलेल्या जंतूची लस प्रथम आजमावली ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. माणसाच्या वैद्यकाने कोंबडीकडून एवढे घेतले, पण कोंबडीचे दुखणे मोजायची वेळ आली तेव्हा तिच्यासाठी साधने नाहीत, असा हा हिशेब आहे.

माणसासाठीची किट कोंबडीला का लागू पडत नाहीत?

रक्ताच्या थेंबात हजारो वेगवेगळी प्रथिने फिरत असतात. त्यातून एखादे सायटोकाइन शोधायचे तर त्यालाच नेमके पकडणारा हस्तक हवा. हा हस्तक म्हणजे प्रतिपिंड. प्रतिपिंड एका विशिष्ट आकाराला चिकटते. कुलूप बदलले की किल्ली फिरत नाही. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या वाटा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. एवढ्या काळात सायटोकाइनचे काम तेच राहिले, पण त्यांची घडण खूप बदलली. अनेक सायटोकाइनच्या बाबतीत माणूस आणि कोंबडी यांच्यातील साम्य जेमतेम एकतृतीयांश भरते. त्यामुळे माणसासाठी बनवलेले प्रतिपिंड कोंबडीच्या रक्तात टाकले तर बहुधा ते कशालाच चिकटत नाही. किंवा भलत्यालाच चिकटते, आणि ते जास्त वाईट, कारण मग चुकीचा आकडा मिळतो आणि तो खरा वाटतो.

मग आजवर संशोधकांनी भागवले कसे? बहुतेक वेळा पीसीआरवर. करोनामुळे ही चाचणी सर्वांना ठाऊक झाली. एखादे सायटोकाइन बनवण्याचा आदेश पेशीने काढला आहे का, हे पीसीआर सांगते. पण आदेश निघाला म्हणजे काम झाले असे सरकारी कचेरीतही होत नाही, पेशीत तरी का व्हावे? प्रथिन खरोखर किती बनले, रक्तात किती उतरले, कुठल्या पेशीने बनवले, हे कळायला प्रतिपिंडच लागते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पोल्ट्रीवाले ‘टायटर’ काढतात तेव्हाही प्रतिपिंडेच मोजतात. पण ती कोंबडीने विषाणूविरुद्ध स्वतः बनवलेली असतात. लस लागली की नाही ते त्यावरून कळते. इथे चर्चा आहे ती प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या प्रतिपिंडांची. ती औषध नाहीत, लसही नाहीत. ती मोजपट्टी आहेत.

अशी प्रतिपिंडे घडवतात कशी?

सुरुवात होते जनुकापासून. रानकोंबडीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोणत्या प्रथिनाची कृती कुठे लिहिली आहे हे शोधणे सोपे झाले. हवे ते जनुक उचलून जिवाणूत, यीस्टमध्ये किंवा प्राण्यांच्या पेशींत घालतात आणि त्यांच्याकडून ते प्रथिन तयार करून घेतात. मग ते शुद्ध करून उंदराला टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा.

उंदीरच का, कोंबडी का नाही? कारण शरीर स्वतःच्या प्रथिनाला परके मानत नाही. कोंबडीला कोंबडीचेच सायटोकाइन टोचले तर ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवणार नाही. उंदराला मात्र ते परके असते. जो दुरावा माणसाची किट निकामी करतो, तोच इथे कामी येतो.

उंदराच्या प्लीहेत आता त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार असतात, पण बाहेर काढल्या की त्या थोड्याच दिवसांत मरतात. यावरचा तोडगा १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी काढला. कर्करोगाच्या पेशी मरत नाहीत, वाढतच राहतात. प्लीहेची पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. या संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. एकीकडून तिला प्रतिपिंड बनवण्याची विद्या मिळते, दुसरीकडून अमरपण. अशा एकाच पेशीची वंशावळ वाढवली की एकसारखी, एकाच ठिकाणी चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी, हवी तितकी वर्षे मिळत राहतात. यांनाच मोनोक्लोनल म्हणतात. १९८४ मध्ये या दोघांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळाले.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात शेकडो संकरित पेशींतून कामाच्या दोन-तीन निवडायच्या असतात आणि खरा वेळ तिथेच जातो. जिवाणूत बनवलेल्या प्रथिनाची घडी कोंबडीच्या शरीरात पडते तशीच पडेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे अनेकदा असे होते, की प्रतिपिंड प्रयोगशाळेतल्या नमुन्याला घट्ट चिकटते, पण कोंबडीच्या खऱ्या रक्तातल्या त्याच प्रथिनाला ओळखत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय रक्तात नेमके प्रमाण मोजायचे तर एक प्रतिपिंड पुरत नाही. एकाने प्रथिन पकडून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्याच प्रथिनाच्या वेगळ्या बाजूला चिकटून रंग दाखवायचा, अशी जोडी लागते. दोघे एकाच जागेवर हक्क सांगत असतील तर जोडी निरुपयोगी. चांगली जोडी जमायला महिनोन् महिने जातात, आणि हे सगळे एका सायटोकाइनसाठी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात ह्यून लिलेहोय यांच्या गटाने कितीतरी वर्षे हेच काम केले. कोंबडीच्या अनेक सायटोकाइनविरुद्धची प्रतिपिंडे त्यातून जगाला मिळाली. ब्रिटनमध्ये पिरब्राइट आणि रोझलिन या संस्थांनी पाळीव प्राण्यांसाठी अशा साधनांची पेटीच उभी केली आहे. दोन्हीकडे हे काम सरकारी पैशावर झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे.

साधन नसले तर काय घडते?

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे दाहाच्या साखळीतले म्होरके प्रथिन. माणसात संधिवातावरची महागडी इंजेक्शने यालाच लक्ष्य करतात. कोंबडीत मात्र हे जनुक सापडतच नव्हते. जनुकीय आराखडा आला तरी त्याचा पत्ता लागेना. कोंबडीत ते नसावेच, असा समज रूढ झाला आणि अनेक अभ्यासांत त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्याच एका प्रथिनावरून अंदाज बांधले गेले. अखेर २०१८ मध्ये युरोपातील संशोधकांनी दाखवले, की ते जनुक होते, आहे आणि कामही करते. त्याची रासायनिक अक्षरे अशी गच्च जुळलेली होती, की जनुकवाचनाची यंत्रे तेवढा मजकूर गाळून पुढे जात होती.

थोडक्यात, जगातल्या सर्वाधिक खाल्ल्या जाणाऱ्या पक्ष्यातले दाहाचे एक मुख्य प्रथिन आपल्याला परवा-परवापर्यंत दिसले नव्हते. त्यावर आधारलेली किती अनुमाने आता पुन्हा तपासावी लागतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

शेतकऱ्याच्या हाती काय पडणार?

कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी पोल्ट्री औषधांच्या दुकानात जा. ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेल्या बाटल्यांनी फळी भरलेली दिसेल. काहींत जीवनसत्त्वे, काहींत वनस्पतींचे अर्क, काहींत काय ते बाटलीलाच ठाऊक. प्रतिकारशक्ती वाढते म्हणजे नेमके काय वाढते, किती आणि किती दिवस? हे विचारण्याची सोय शेतकऱ्याला नाही, कारण ते मोजण्याची सोयच तुटपुंजी आहे. हळद, लसूण, कडुनिंब यांचेही तसेच. हळदीने कोंबडीच्या आतड्याचा दाह कमी होतो, असे म्हणणारे बरेच आहेत आणि त्यात तथ्यही असेल. पण किती हळद, कुठल्या वयाला, कुठल्या रोगात, हे कोंबडीच्या रक्तातले आकडे पाहूनच ठरवता येईल. परंपरेवर विश्वास असणाऱ्यांनी तर या मोजपट्टीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

प्रतिजैविकांचा मुद्दा याहून गंभीर आहे. पहिली शिंक ऐकू आली की पाण्यात औषध सोडायचे, ही सवय सार्वत्रिक आहे. लासोटा ही राणीखेतची लस दिल्यावर काही पक्षी दोन-तीन दिवस शिंकतात. विषाणू कमजोर असला तरी जिवंत असतो, श्वासनलिकेत थोडा दाह होणारच. तो लस लागल्याची खूण आहे. पण तेवढ्यावरही प्रतिजैविक दिले जाते. हा दाह लसीचा आहे की जंतूचा, हे सांगणारी स्वस्त चाचणी शेडवर असती तर कितीतरी औषध वाचले असते. माणसासाठी अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन कोंबडीच्या खाद्यातून सर्रास दिले जात होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण प्रतिजैविक काढून घेतल्यावर त्या जागी काय द्यायचे, याचे उत्तर दाह समजल्याशिवाय मिळणार नाही.

या वाटेवर एक वेगळा प्रयोगही झाला आहे. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, हा परजीवी कोंबडीच्याच इंटरल्युकिन-१० या शांतवणाऱ्या सायटोकाइनचा गैरफायदा घेतो. पहारेकऱ्याला झोपवून घरात शिरावे तसा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क कुक यांनी या सायटोकाइनविरुद्धची प्रतिपिंडे अंड्यांतून मिळवली आणि ती खाद्यात मिसळून पाहिली, जेणेकरून पहारेकरी जागा राहावा. कोंबडी आपली प्रतिपिंडे पिलासाठी बलकात साठवते आणि एका अंड्यात ती ५० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकतात. म्हणजे मोजपट्टी म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे उपायही होऊ शकते, आणि तीही अंड्याच्या मार्गाने.

विदर्भासाठी आणखी एक मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१-४२ अंश असते. शरीर थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, आतड्याचा पुरवठा घटतो, आतड्याचे अस्तर गळके होते आणि जिवाणूंची विषे रक्तात उतरतात. म्हणजे उष्माघात हासुद्धा काही अंशी दाहाचाच आजार आहे. शेडवर पाणी शिंपडणे, पाण्यात इलेक्ट्रोलाइट देणे हे उपाय आपण करतोच. कुठला उपाय आतड्यापर्यंत पोहोचतो आणि कुठला फक्त मनाचे समाधान करतो, हे अशा चाचण्यांतून कळू शकेल. गावरान कोंबडी काटक असते, हे सगळेच म्हणतात. तिचा दाह लवकर पेटून लवकर विझतो का, की मुळात पेटतच नाही? वंश सुधारणेसाठी हे माहीत असायला हवे, नाहीतर जास्त अंड्यांच्या मोहात तिचा काटकपणाच निवडीतून गळून जाईल.

महाराष्ट्र यात कुठे आहे?

आपल्याकडे पाया आहे. नागपूरला २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि त्याच्या छत्राखाली मुंबईच्या १८८६च्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून उदगीर-परभणीपर्यंतची महाविद्यालये आहेत. पुण्याच्या औंधमध्ये सरकारची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था कोंबड्यांच्या लसी बनवते. खासगी क्षेत्रात पुणे हे देशाच्या पोल्ट्री उद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि अगदी अलीकडे नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ-बिबटेही या विषाणूने दगावले. अनुभवाची कमतरता आपल्याला नाही.

तरीही बर्ड फ्लूच्या निदानावरचे अखेरचे शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतून येते. धोकादायक विषाणूंसाठी ते योग्यही आहे. पण दाह मोजणे हे धोकादायक काम नाही, त्याला तसली तटबंदी लागत नाही. पेशी वाढवण्याची सोय, प्राणीप्रयोगांची रीतसर परवानगी, शिकलेले हात आणि चार-पाच वर्षे न आटणारा निधी एवढे पुरते. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ. संशोधन प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो. जोडी जमेपर्यंत प्रकल्प संपतो, पेशी गोठवून ठेवल्या जातात आणि ते जाणणारा विद्यार्थी नोकरी शोधत निघून जातो. मग पुढच्या संशोधकाने परदेशी किट मागवायचे, आणि ते महाग म्हणून वीस पक्ष्यांऐवजी सहा पक्ष्यांवर प्रयोग आटोपायचा. सहा पक्ष्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला कितीसे वजन द्यायचे?

कंपन्या हे काम का करत नाहीत, याचे उत्तर सरळ आहे. माणसासाठीच्या प्रतिपिंडांना जगभर गिऱ्हाईक आहे. कोंबडीच्या सायटोकाइनच्या प्रतिपिंडाला गिऱ्हाईक म्हणजे मूठभर प्रयोगशाळा. बाजार नाही तिथे सरकारने उतरायचे असते, औंधची लस संस्था उभी राहिली ती याच न्यायाने. आमच्या मते राज्याने नागपूरच्या विद्यापीठात कोंबडी आणि शेळी या दोन गरिबांच्या जनावरांसाठी प्रतिपिंडांचे एक कायमस्वरूपी केंद्र उभे करावे, आणि घडवलेल्या पेशी देशातल्या कुठल्याही सरकारी प्रयोगशाळेला नाममात्र दरात द्याव्यात. कोंबड्यांच्या नावाने होणाऱ्या अनुदानाच्या योजनांत पक्षी वाटले जातात, त्यातले किती पहिल्याच साथीत मरतात याची चर्चा होत नाही. त्या खर्चाचा अगदी लहान तुकडा इकडे वळवला तरी भागेल.

उंदरांचा प्रश्नही टाळू नये. प्रतिपिंडांसाठी उंदरांच्या पोटात पाणी साठवून घेण्याची जुनी, क्रूर पद्धत आता मागे पडली आहे. पेशी बाटलीत वाढवता येतात. प्राण्याशिवाय, विषाणूंच्या मदतीने प्रतिपिंडे निवडण्याचे तंत्रही रुळले आहे, त्याला २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नवे केंद्र उभारायचेच तर ते याच पद्धतीपासून सुरू करता येईल.

तोपर्यंत खुराड्यात काय करायचे?

मानमोडीवर उपचार नाही, लस आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे बूस्टर, आणि साधारण दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी ही जोरकस लस टोचून. ही शेवटची लस १९४०च्या दशकात आपल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत घडली. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, एकदा उघडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते आणि थंड ठेवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही. म्हणून पोडावरच्या सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून, सकाळी पक्षी मोकळे सोडण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला बोलवावे. बचत गटांना हे सहज जमते.

गंबोरोच्या लसीकडे ब्रॉयलरवाले लक्ष देतात, गावरान पाळणारे देत नाहीत. हा विषाणू थेट बर्सावर घाव घालतो, म्हणजे प्रतिपिंडे बनवण्याचा कारखानाच बंद पाडतो. त्यातून वाचलेल्या पिलाला नंतर दिलेली मानमोडीची लसही नीट लागत नाही, आणि लसच खोटी होती असा बोल लागतो.

माणसाची तापाची, दुखण्याची गोळी कोंबडीला चुरून देऊ नये. एकाएकी तीन-चार पक्षी मेले तर ते नाल्यात टाकू नयेत, हाताळून विकू तर मुळीच नयेत. पिशवीत बंद करून बाजूला ठेवावेत, उरलेले डाल्याखाली झाकावेत आणि दवाखान्याला कळवावे. नमुना जितका ताजा असेल, तितके त्यातून जास्त कळते. दुपारच्या उन्हात चार तास पडलेल्या कोंबडीतून कुठलीही प्रयोगशाळा फारसे काही सांगू शकत नाही.